मरून आयशॅडो, सुजलेल्या पापण्या आणि पॅच टेस्ट

कातडीला कशाची ॲलर्जी आहे हे शोधणाऱ्या पॅच टेस्टमध्ये नक्की काय करतात, किती पैसे लागतात, आंघोळ किती दिवस बंद असते, हे मी २०२४ च्या नोव्हेंबरात शोधत होते तेव्हा मराठीत हाताला फारसं काही लागलं नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. ज्यांना फक्त गडद लाल किंवा मरून आयशॅडो कशी लावायची एवढंच हवंय, त्यांनी मधला दवाखाना सोडून थेट जानेवारीपासून वाचलं तरी चालेल.

धाकट्या भावाचं लग्न १६ फेब्रुवारी २०२५ ला ठरलं आणि मी करवली. आईने माझ्यासाठी डाळिंबी पैठणी आधीच घेऊन ठेवली होती. साताऱ्यातल्या मेकअपवाल्या ताईंनी घरच्या बायकांचे माणशी साडेतीन हजार सांगितले. आई, मी, दोन काकू असा हिशेब मांडल्यावर मी म्हटलं, माझं मी करते. मेकअपचं मला वावडं नाही, पण डोळ्यांवर तोवर तपकिरी आणि सोनेरीच्या पुढे गेले नव्हते. यावेळी मरून लावायचाच, असं ठरवलं होतं.

आतेबहीण अमेरिकेहून येताना नऊ रंगांचं पॅलेट घेऊन आली. त्यात एक गर्द बर्गंडी, एक विटकरी आणि दोन झगझगीत लाल-गुलाबी. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं की यातल्या खुणा केलेल्या छटा डोळ्यांलगत लावण्यासाठी नाहीत. आयशॅडोच्या डबीवर हे वाचून मी चक्रावलेच. मग कळलं की अमेरिकेत डोळ्यांजवळ कुठले रंग चालतात याची यादी वेगळी आहे आणि भडक लाल देणारे काही रंग, उदाहरणार्थ सीआय १५८५० (सीआय म्हणजे कलर इंडेक्स, रंगाचा ठरलेला क्रमांक), त्या यादीत नाहीत. युरोपात तेच चालतात. त्यामुळे सारख्याच डब्या तिकडे आयशॅडो म्हणून विकल्या जातात आणि अमेरिकेत ‘प्रेस्ड पिगमेंट’ म्हणून. माझ्या बर्गंडीवर खूण नव्हती. तिचा रंग आयर्न ऑक्साइड (सीआय ७७४९१) आणि कारमाइन (सीआय ७५४७०) यांच्यातून आलेला. कारमाइन कोचिनील नावाच्या किड्यापासून काढतात, तेव्हा कडक शाकाहारी असाल तर हा नंबर लक्षात ठेवा. आपल्याकडे आयात केलेलं पॅलेट घेणार असाल, तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक असलेलं स्टिकर आहे ना, तेवढं बघून घ्या.

३ नोव्हेंबरला भाऊबीज होती. घरातल्या घरात रंगीत तालीम म्हणून मी बर्गंडी लावली, नखांनाही त्याच रंगाचं नवीन नेलपेंट लावलं. ओवाळायला ताम्हण घेऊन पुढे गेले तर भाऊ पाटावरूनच म्हणाला, “ताई, डोळे आलेत का तुझे?” २०२३ च्या पावसाळ्यातली डोळ्यांची साथ सगळ्यांच्या लक्षात होती, त्यामुळे काकूने नातवाला उचलून पलीकडे नेलं. मी हसले, पण आरशात पाहिल्यावर त्याचं म्हणणं पटलं. लाल रंग थेट पापणीच्या केसांना भिडला की डोळा रडलेला किंवा आजारी दिसतो. त्याचा उपाय सोपा आहे, पुढे सांगते.

दोन-तीन दिवसांत पापण्यांना खाज सुटली. सकाळी उठल्यावर सूज, दुपारपर्यंत कोरडे पापुद्रे, बाहेरच्या कोपऱ्यात चिरा. आयशॅडो, काजळ, सगळं बंद केलं. आठवडा गेला तरी फरक नाही. घरात निकाल लागून गेला होता: लाल रंगच बाधला. आईचं म्हणणं, “डोळ्याला कुणी लाल लावतं का!”

नवऱ्याने मेडिकलमधून एक ट्यूब आणली. दुकानदार म्हणाला होता, दोन दिवसांत खाज बंद. मागे वाचलं तर क्लोबेटासॉल, म्हणजे जोरदार स्टेरॉइड. २०१८ पासून अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नाही, तरी काउंटरवर मागितली की मिळतात. मी ती लावली नाही, कारण आमच्या पतसंस्थेतल्या एका ताईंचा चेहरा अशाच ट्यूबने लालेलाल झालेला मी जवळून बघितला होता. पापणीची कातडी सगळ्या अंगात पातळ. तिथे असलं मलम बरेच दिवस लावलं तर डोळ्यातला दाब वाढण्याचीही भीती असते, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात साताऱ्यातल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. तपासणी फी पाचशे. त्यांनी पापण्या भिंगातून बघितल्या आणि प्रश्न सुरू केले. केसांना डाय? सेंट? कापराची डबी, बाम? नेलपेंट कधी लावलं? मी म्हटलं, ते राहू द्या, आयशॅडोने झालंय. त्या म्हणाल्या, “आयशॅडो बंद करून पंधरा दिवस झाले ना? मग अजून का जात नाही?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यांनी टॅक्रोलिमसचं ०.०३ टक्क्यांचं मलम दिलं (पहिले काही दिवस चांगलंच चुरचुरतं, घाबरून बंद करू नका) आणि पॅच टेस्ट करून घ्या म्हणाल्या. ती पुण्यात.

पुण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलला फोन केला. टेस्ट फक्त सोमवारी लावतात, कारण बुधवारी काढायची आणि शुक्रवारी पुन्हा बघायची. जवळची तारीख मिळाली ९ डिसेंबर. तोवर काय करायचं त्याची यादी व्हॉट्सॲपवर आली: पाठीवर आठवडाभर कुठलंही मलम नको, पोटातून स्टेरॉइड चालू असेल तर आधी सांगा, खाजेच्या गोळ्या विचारून बंद करा, वापरातली सगळी प्रसाधनं डब्यांसकट आणा. डब्यांसकट हे महत्त्वाचं. त्यांना घटकांची यादी लागते आणि ती बहुतेक वेळा आपण फेकून दिलेल्या खोक्यावर असते. मी कंपनीच्या साइटवरून उतरवून घेतली.

पतसंस्थेत आठवड्याची रजा मागितली तर साहेब म्हणाले, पाठीला पट्टी लावायला आठवडा कशाला? चिठ्ठी दाखवल्यावर मिळाली. परत रुजू होताना सर्टिफिकेट मागणार हे ठाऊक असल्याने मी सोमवारीच हॉस्पिटलमध्ये तसं सांगून ठेवलं, नाहीतर शुक्रवारी सहीसाठी पुन्हा रांग.

सोमवारी पहाटेच्या एसटीने स्वारगेट. बायकांना तिकीट अर्धं, त्यामुळे प्रवासाचा खर्च किरकोळ. केसपेपर शंभर रुपये, मग वरच्या मजल्यावर डॉक्टर, मग खाली बिल भरायला, मग पावतीवर शिक्का मारून घेऊन पुन्हा वर. टेस्टचे २,८०० रुपये झाले. एका संमतीपत्रावर सही केली. त्यात पाठीवर डाग राहू शकतो, क्वचित फोड येऊ शकतो, असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

प्रत्यक्ष टेस्टमध्ये सुई नसते. पाठ पुसून तिच्यावर चिकटपट्टीच्या रांगा लावतात आणि प्रत्येक रांगेत ॲल्युमिनियमच्या नखाएवढ्या वाट्या असतात. त्या वाट्यांत सिरिंजमधून एकेक पदार्थ ठिपक्याएवढा भरतात. भारतीयांसाठीचा जो ठरलेला संच आहे त्यात निकेल, बायक्रोमेट, रबरातली रसायनं, हेअर डायमधलं पीपीडी, सुगंधांचं मिश्रण असं बरंच काही होतं आणि चक्क गाजरगवतही. शेतावर जाणाऱ्या कित्येकांचे चेहरे त्यानेच सुजतात म्हणे. त्याशिवाय प्रसाधनांचा वेगळा संच. शेवटच्या पट्टीत माझं सामान: बर्गंडी, विटकरी, प्रायमर (आयशॅडोच्या आधी पापणीला लावायचा लेप), काजळ, टिकलीचा गोंद आणि आधी सुकवून घेतलेलं नेलपेंट. मेकअप काढायचं क्लेन्झर मात्र त्यांनी बाजूला ठेवलं. साबणासारखी वस्तू बंद पट्टीखाली दोन दिवस ठेवली तर ॲलर्जी नसतानाही कातडी लाल होते, मग निकाल चुकतो. सगळ्या पट्ट्यांभोवती मार्करने रेघा आणि आकडे.

मग मावशीकडे कोथरूडला. खरा त्रास इथे आहे, टेस्टमध्ये नाही. पाठीला पाणी लागू द्यायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही, वाकून उचलायचं नाही, खाजवायचं तर नाहीच. डिसेंबर होता म्हणून निभावलं. एप्रिल-मेमध्ये शक्यतो तारीख घेऊच नका. मावशीने मला बादलीवर वाकवून केस धुवून दिले आणि बाकी अंग पुसून घेतलं. मार्करची शाई कपड्यांना लागते, म्हणून जुने, सैल, सुती कपडे न्या. पालथं झोपायची सवय नसेल तर पहिल्या रात्री झोप कमी लागते. मला मंगळवारी संध्याकाळी डाव्या खांद्याखाली एका ठिकाणी असं काही खाजायला लागलं की मी मावशीला फोटो काढून ठेवायला लावला. पट्टीवरूनच काढला, उघडून नाही.

बुधवारी पट्ट्या काढल्या. काढल्या काढल्या सगळीच पाठ लाल असते, म्हणून अर्धा-पाऊण तास बसवून ठेवतात. मग डॉक्टरांनी टॉर्च घेऊन एकेक आकडा बघितला आणि मदतनीस मुलीला सांगत गेल्या. निगेटिव्ह, निगेटिव्ह, निगेटिव्ह. डाव्या खांद्याखालच्या जागेवर थांबल्या, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “शुक्रवारी बघू.” दोन दिवस पुन्हा तेच, फक्त पट्ट्या नाहीत, आकडे पुसले जाऊ नयेत म्हणून पाणी अजून बंदच.

१३ डिसेंबरला दुसरं वाचन. ती जागा टम्म फुगली होती, बारीक फोडांसकट. कागदावर अधिकची दोन चिन्हं (++), म्हणजे ठळक ॲलर्जी. जागा होती नेलपेंटची. प्रसाधनांच्या संचातलं टॉसिलामाइड फॉर्मल्डिहाइड रेझिन, म्हणजे नेलपेंटला चकाकी आणि पकड देणारा पदार्थ, त्यावरही दोन अधिक. सुगंधांच्या मिश्रणावर एक अधिक (+). बर्गंडीवर काही नाही. विटकरीवर काही नाही. गाजरगवतावरही नाही, तेवढंच समाधान.

नखाला काही न होता पापणीला कसं होतं, हे मी विचारलंच. नख टणक, त्यातून काही आत जात नाही. पण आपण दिवसभरात नकळत किती वेळा डोळ्यांना बोट लावतो ते मोजत नाही, आणि नाजूक कातडीला तेवढं पुरतं. नेलपेंटच्या ॲलर्जीत बोटं ठणठणीत आणि पापण्या किंवा मान सुजलेली, हे डॉक्टरांच्या पाहण्यात नेहमीचं आहे. भाऊबीजेला लावलेलं नेलपेंट अजून माझ्या बोटांवर होतं, मधे एकदा नवा हातही मारला होता. आयशॅडो बंद करून काही उपयोग होत नव्हता तो याचमुळे. ऐकून हायसं वाटलं आणि महिनाभर त्या बिचाऱ्या लाल रंगाला घरात सगळ्यांनी जे ऐकवलं त्याचा थोडा रागही आला.

रिपोर्टसोबत एक छोटं कार्ड मिळतं, त्यावर टाळायच्या पदार्थांची नावं. ती इतकी लांब असतात की दुकानात आठवणं अशक्य. मी फोटो काढून मोबाइलवर वरच ठेवलाय. त्याच दिवशी नेलपेंट काढलं आणि नाताळपर्यंत पापण्या पूर्ववत झाल्या.

पॅच टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून लगेच डोळ्यांवर रंग फासायचा नाही, हेही डॉक्टरांनी बजावलं होतं. जुन्या प्रायमरमध्ये सुगंध होता, तो गेला. बिनसुगंधी नवा ६५० रुपयांना आणला. तो आणि बर्गंडी, दोन्ही कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर, रोज त्याच ठिकाणी लावायचं. काही उठलं नाही तर पापणीवर. हे घरच्या घरी होतं, फुकट होतं आणि लग्नसराईच्या आधी कुणीही करावं असं आहे.

जानेवारीत खिडकीशी आरसा मांडून सराव सुरू केला. सगळ्यात आधी ती ‘डोळे आलेत का’ची अडचण. लाल रंग आणि डोळा यांच्या मध्ये काहीतरी काळं हवं. वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी काळी पेन्सिल घट्ट फिरवायची, ती सुकायच्या आत छोट्या ब्रशने किंचित वर पसरवायची आणि तिच्यावर जवळजवळ काळी दिसणारी तपकिरी शॅडो दाबायची. बर्गंडी तिथून वर सुरू होते. खालच्या पापणीला तर बर्गंडी बाहेरच्या एक तृतीयांश भागापुरतीच, तीसुद्धा काळ्या रेघेच्या खाली. डोळ्याच्या आतल्या कडेला लाल कधीच नाही. एवढ्या एका गोष्टीने चेहरा बदलतो. सरावाचे फोटो शेजारी ठेवून बघितले, रंग तोच, पण एकीकडे मी तापातून उठलेली आणि दुसरीकडे लग्नाला निघालेली.

दुसरं, मरून एकटा लावायचा नाही. आधी आपल्या कातडीपेक्षा एक-दोन छटा गडद असा मॅट तपकिरी पापणीच्या घडीत आणि तिच्या जरा वर, मऊ मोठ्या ब्रशने, खिडकीच्या काचेवरच्या वायपरसारखा इकडून तिकडे. मग चपट्या ब्रशने बर्गंडी पापणीवर थापायची, घासायची नाही. घासली की ठिगळं पडतात आणि खाली गालावर लाल भुकटी सांडते. घडीच्या वर बर्गंडी नेऊ नका. कड विरवायला तोच तपकिरी ब्रश, नवीन रंग न घेता. भुवईपर्यंत लाल गेलं की संपलं.

भुकटी सांडणारच, म्हणून डोळे आधी आणि फाउंडेशन नंतर. डोळ्यांखाली पिवळसर कन्सीलर जरा मन लावून लावा, कारण वर लाल असलं की खालची असलेली-नसलेली सगळी लाली उठून दिसते. चेहऱ्यावर पांढरी पारदर्शक पावडर जास्त झाली तर फ्लॅशमध्ये डोळ्यांखाली पांढरे पट्टे येतात, तेव्हा घरीच फ्लॅश मारून एक फोटो काढून बघावा.

छटेबद्दल माझं ठाम मत झालंय. माझा रंग सावळा. जांभळ्याकडे झुकणारी वाइन माझ्या पापणीवर मुका मार लागल्यासारखी दिसते, विटकरी-तपकिरीकडे झुकणारी बर्गंडी मात्र सुरेख बसते. सावळ्या रंगाला लाल शोभत नाही असं सांगणाऱ्या बायका मला आयुष्यभर भेटल्या. उलट आहे. गोऱ्या पापणीवर मरून वेगळा चिकटवल्यासारखा दिसतो, आमच्याकडे तो कातडीतूनच आल्यासारखा वाटतो. आणि साडीच्या रंगाशी तंतोतंत जुळवायला जाऊ नका, साडीपेक्षा एक पायरी गडद ठेवा. ओठांना मी लाल टाळून तपकिरी गुलाबी लावला. नथ, चंद्रकोर, डाळिंबी साडी आणि बर्गंडी डोळे एवढ्यात आणखी लाल ओठाला जागा नव्हती.

लग्नाच्या दिवशी मुहूर्त दुपारी सव्वाबाराचा. कार्यालयातल्या खोल्यांत ट्यूबलाइट असते आणि आरशासमोर गर्दी, म्हणून डोळे मी घरीच, सकाळी उजेड झाल्यावर करून निघाले. पुढून उघडणारा गाऊन घालून. डोक्यावरून कपडा काढायची वेळ येऊ देऊ नका. नखं मोकळीच होती, पण मेंदी रंगली होती. साधी पानांची मेंदी, काळी नव्हे. काळ्या मेंदीत पीपीडी असतं आणि सुजलेल्या पापण्या मी पुरेशा पाहिल्या होत्या. आई मला बघून क्षणभर थांबली आणि म्हणाली, “जरा कमी करशील का?” मग नथ नीट करून दिली, त्यावरून समजायचं ते समजले. होमाच्या धुराने डोळ्यांतून पाणी आलंच. टिश्यूची टोकदार घडी करून आतल्या कोपऱ्यात नुसती टेकवत राहिले, पुसलं नाही. संध्याकाळी पाठवणी-वरात आटोपून परत आले तेव्हा घडीत थोडा रंग जमा झाला होता, बाकी जागच्या जागी.

काढताना घाई नको. बिनसुगंधी मायसेलर वॉटरमध्ये भिजवलेला कापूस पापणीवर अर्धा मिनिट ठेवून मग हळूच खाली ओढायचा. लाल रंगाचा गुलाबीसर डाग पापणीवर राहतो, तो रगडून काढायचा नाही, सकाळी तोंड धुताना जातो. डब्यावर उघड्या बरणीच्या चित्रात ‘१२ एम’ असेल तर उघडल्यापासून बारा महिने. कधी उघडलं ती तारीख मी मागे पेनने लिहिली आहे.

सगळा मिळून खर्च पाच हजारांच्या आतबाहेर झाला. माझ्या मेडिक्लेममध्ये बाह्यरुग्ण खर्च बसत नाही, त्यामुळे पावत्या फाइलमध्येच आहेत. तुमच्या पॉलिसीत तसं कलम असेल तर टेस्टच्या पावतीसोबत डॉक्टरांची मूळ चिठ्ठीही जपून ठेवा. आणि हॉस्पिटलला फोन कराल तेव्हा तीन गोष्टी विचारून घ्या: प्रसाधनांचा वेगळा संच आहे का, आपलं सामान लावून बघतात का, आणि दुसरं वाचन करतात का. नुसतं अठ्ठेचाळीस तासांनी बघून सोडत असतील तर दुसरीकडे जा, माझ्या सुगंधाचा एक अधिक बुधवारी दिसलाच नव्हता. ज्या आठवड्यात सोमवार, बुधवार, शुक्रवार यांपैकी एकही सुट्टी असेल तो आठवडा सोडूनच द्या.